बांगाईचा मासा आणि स्वस्ताईचा युक्तिवाद

घरात खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांच्या जगात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक युक्तिवाद चांगलाच रुळला आहे. पूर्वी जे मासे फक्त पुस्तकांतल्या छायाचित्रांत, फार तर एखाद्या सार्वजनिक मत्स्यालयात दिसायचे, ते आता पैसे मोजले की घरपोच येतात. मेक्सिकोपासून दूर समुद्रात असलेल्या रेव्हिलाहिहेदो बेटांभोवतीचा क्लॅरियन एंजलफिश बालीतल्या हॅचरीत वाढवला गेला. हवाईचा पिवळाधमक यलो टँग टाकीतच जन्मलेला मिळू लागला. तेव्हा दुर्मीळ मासे बाजारात जितके वाढतील तितका समुद्रावरचा भार हलका होईल, छंदच आता प्रवाळभित्तींचा रखवालदार झाला आहे, आणि ज्यांना अजून परवाने, बंद्या आणि आंतरराष्ट्रीय याद्यांचा सोस आहे त्यांनी आपलं जुनं रडगाणं आवरावं, असा हा एकूण सूर. यातली माहिती बरीचशी खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. हॅचरी यशस्वी झाली म्हणून समुद्रातली पकड आपोआप थांबली, असं या व्यापारात सहसा घडलेलं नाही. पकड थांबली किंवा महागली म्हणून हॅचरीला बाजार मिळाला, असं मात्र घडलेलं आहे. कारण आणि परिणाम यांची ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. ज्या निर्बंधांमुळे हॅचऱ्या तगल्या तेच निर्बंध हॅचऱ्यांकडे बोट दाखवून उठवून घ्यायचे, असा तिचा व्यवहारातला उपयोग आहे.

बांगाई कार्डिनलफिश हा मासा या युक्तिवादाची सगळ्यात सोपी परीक्षा घेतो, कारण कैदेत वाढवायला याहून सोयीचा सागरी मासा सापडणं कठीण. इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा द्वीपसमूह आहे. तिथून वॉल्टर कौडर्न या स्वीडिश संशोधकाने १९२०च्या सुमारास आणलेल्या नमुन्यांवरून कौमान्स यांनी १९३३ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि पुढची साठ वर्षं त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. १९९४ मध्ये जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा शोधला. चंदेरी अंग, त्यावर काळे पट्टे, पांढरे ठिपके आणि लांब झुलणारे पर, असं त्याचं रूप. काही वर्षांतच तो जगभरच्या दुकानांत पोहोचला. त्याच्या वंशवाढीची रीत बहुतेक सागरी माशांहून निराळी आहे. बहुतेक रीफवासी मासे हजारो सूक्ष्म अंडी पाण्यात सोडून देतात आणि पिल्लं आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. बांगाईचा नर मात्र मोजकी, साधारण चाळीस-पन्नास मोठी अंडी तोंडात धरून ठेवतो, त्या काळात काही खात नाही, आणि पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावरही काही दिवस त्यांना तोंडातच सांभाळतो. महिन्याभराने बाहेर पडणारं पिल्लू आईबापांची छोटी प्रतिकृतीच असतं आणि लगेच खायला लागतं. सागरी माशांच्या प्रजननात माणसं हरतात ती डोळ्यांनी न दिसणाऱ्या पिल्लांना पहिले काही आठवडे काय भरवायचं या प्रश्नापाशी. इथे तो प्रश्नच उद्भवत नाही. हौशी माणसाच्या बैठकीतल्या टाकीतसुद्धा हा मासा वाढतो आणि १९९० च्या दशकातच तसा तो वाढवला गेला.

आता ‘प्रजनन जमलं की समुद्र सुटला’ हा नियम खरा असता, तर बांगाईची बेटं त्याच दशकात सुटायला हवी होती. घडलं ते भलतंच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत या बेटांतून दरवर्षी सहा ते नऊ लाख मासे बाहेर जात असल्याचे अंदाज अभ्यासकांनी मांडले. त्याच काळात, २००४ च्या सुमारास, समुद्रातल्या एकूण माशांचा अंदाज २४ लाखांच्या आसपास होता. म्हणजे दरवर्षी चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक उचलला जात होता, आणि तोही अशा माशाचा, ज्याची पिल्लं वाहत जाऊन दुसरी भित्ती भरून काढू शकत नाहीत. ज्या रीतीमुळे तो टाकीत सहज वाढतो तीच रीत त्याला समुद्रात असहाय करते. पिल्लं जन्मलेल्या जागीच, सी-अर्चिनच्या काट्यांत नाहीतर समुद्रफुलांच्या आसऱ्याला राहतात. एकाच बेटाच्या किनाऱ्यावर काही किलोमीटरच्या अंतरावर राहणारे समूह जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले आहेत. त्यामुळे एक भित्ती रिकामी झाली की शेजारची तिला भरून देत नाही. याच द्वीपसमूहातल्या बकाकान बेटाजवळ २००१ मध्ये सुमारे ६,००० मासे मोजले गेले होते, २००४ मध्ये तिथे १७ उरले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हा मासा ‘संकटग्रस्त’ ठरवला. हे सगळं चालू असताना टाकीत त्याचं प्रजनन कसं करायचं हे छंदाच्या प्रत्येक नियतकालिकात छापून आलेलं होतं.

असं का झालं, याचं उत्तर जीवशास्त्रात शोधून मिळणार नाही, ते हिशेबात आहे. बेटावरच्या कोळ्याला एका माशामागे मिळायचे ते काही अमेरिकी सेंट. नर महिनाभर उपाशी ठेवून, पिल्लं वेगळी करून, त्यांना रोज ताजं ब्राइन श्रिम्प भरवून, पाणी-वीज-मजुरी खर्चून अमेरिकेत किंवा युरोपात वाढवलेला मासा या भावाशी टक्कर देणार तरी कसा? बेटापासून दुकानापर्यंतच्या वाटेत कितीतरी मासे मरतात, कितीतरी खरेदीदार नाकारतात, पण तो तोटा मूळ भावाच्या क्षुद्रतेत विरघळून जातो. समुद्रातल्या माशाची किंमत ठरवताना फक्त पकडण्याची मजुरी धरली जाते, त्याला वाढवण्याचा खर्च समुद्र मागत नाही. जोवर हे असं आहे तोवर हॅचरीवाल्याचं कसब कितीही असो, तो धंद्यात तोट्यातच राहणार.

इथे समोरून एक वाजवी हरकत येते. थायलंडमध्ये पुढे मोठ्या प्रमाणावर बांगाईची शेती झाली, २०१२ नंतर तिथे वाढवलेले मासे अमेरिकेत मोठ्या संख्येने येऊ लागले आणि समुद्रातून आणलेल्यांचा हिस्सा घटला. मग हॅचरीने काम केलंच की! केलं, पण ते कशाच्या जोरावर? दरम्यान समुद्रातून आणलेल्या बांगाईंमध्ये एका इरिडोव्हायरसचा फैलाव झाला होता. दुकानात पोहोचलेले मासे काही दिवसांत पटापट मरू लागले, आयातदार आणि ग्राहक दोघेही बिथरले. सेंटांत मिळणारा मासा रोगामुळे प्रत्यक्षात महाग पडू लागला, तेव्हा कुठे थायलंडचा मासा परवडला. म्हणजे हे उदाहरणसुद्धा माझ्याच बाजूचं आहे. हॅचरीला जागा मिळाली ती समुद्रातला मासा महागल्यावर. फरक एवढाच की तो कायद्याने महागला नाही, विषाणूने महागला, आणि तोवर दीड दशक उलटून गेलं होतं. धोरण म्हणून विषाणूची वाट पाहावी असं कुणी सुचवेल असं वाटत नाही. कायद्याने महागवण्याचे प्रयत्न त्याच काळात झाले होते. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत हा मासा घालावा असा प्रस्ताव २००७ मध्ये अमेरिकेने आणि २०१६ मध्ये युरोपीय संघाने मांडला. इंडोनेशियाचा विरोध होता. दोन्ही वेळा प्रस्ताव मागे घेतला गेला.

‘मासा काही नामशेष होत नाही, उलट बांगाईबाहेरही फोफावला आहे’ असंही सांगितलं जातं. व्यापाराच्या वाटेवर निसटलेले किंवा सोडून दिलेले मासे लेंबे सामुद्रधुनीत आणि बालीतल्या गिलिमानुक उपसागरात रुजले आहेत, हे खरं. पण त्या जागी तो परका पाहुणा आहे, तिथल्या भित्तींवरच्या जागेसाठी आणि खाद्यासाठी तिथल्याच जातींशी झगडणारा. एका ठिकाणची लूट दुसऱ्या ठिकाणच्या घुसखोरीने भरून निघाली असं मानायचं असेल, तर मग संवर्धन या गोष्टीला काही अर्थच उरत नाही.

आता उलट्या टोकाचं उदाहरण. यलो टँग बांगाईच्या अगदी विरुद्ध : वाढवायला महाकठीण. अंडी मिलिमीटरहून बारीक, पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर रीफवर उतरेपर्यंत दोनेक महिने तरंगतात आणि त्यांना कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवाची नुकती जन्मलेली पिल्लंच लागतात, तीही अखंड. ओआहू बेटावरच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने अनेक वर्षं खपून २०१५ मध्ये हे जमवलं. पुढच्याच वर्षी त्याच पद्धतीच्या आधाराने फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ब्लू टँगही वाढला. ‘फाइंडिंग डोरी’ चित्रपट त्याच उन्हाळ्यात लागला असल्याने त्याला प्रसिद्धीही मिळाली. पण दुकानात काय बदललं? लगेच तर काहीच नाही. हवाईच्या पश्चिम किनाऱ्यावरून यलो टँग लाखांच्या घरात पकडला जात होता आणि अमेरिकेत पन्नासेक डॉलरना मिळत होता. प्रयोगशाळेतला मासा त्या भावात बसत नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पर्यावरणीय परिणामांची तपासणी केल्याशिवाय अशा पकडीचे परवाने देता येणार नाहीत. पश्चिम हवाईतली पकड त्यानंतर थांबली, आणि २०२१ च्या सुरुवातीला आणखी एका न्यायालयीन आदेशाने ती राज्यभर थांबली. यलो टँगचा भाव काही शे डॉलरवर गेला. टाकीत जन्मलेला यलो टँग नेहमीचा माल म्हणून दुकानांत दिसू लागला तो त्यानंतर. विज्ञान २०१५ चं, बाजार २०२१ चा. या दोन वर्षांमधलं अंतर कशाने भरलं, हे ‘हॅचरी आली, आता बंदी कशाला’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं. वाढवायला सोपा मासा वर्षानुवर्षं समुद्रातूनच येत राहिला आणि वाढवायला अवघड मासा हॅचरीतून येऊ लागला. मधला फरक तंत्राचा असता तर चित्र नेमकं उलटं दिसलं असतं.

हवाईच्या बाबतीत माझ्या भूमिकेवर होणारी सगळ्यात वजनदार हरकत टाळून चालणार नाही. पश्चिम हवाईतली पकड ही जगातल्या उत्तम नियंत्रित शोभिवंत-मासेमारींपैकी एक होती. १९९८ च्या कायद्यानंतर किनाऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पकडीसाठी बंद ठेवला गेला, नियमित पाहणी होत राहिली, आणि राज्याच्याच पाहण्यांत यलो टँगची संख्या कमी न होता वाढलेली दिसली. मग चांगली चाललेली मासेमारी बंद पाडून काय मिळवलं? हा प्रश्न रास्त आहे, आणि केवळ यलो टँगच्या संख्येपुरतं पाहिलं तर बंदी अटळ होती असं मी म्हणणार नाही. पण त्या वाढीचं श्रेय कुणाचं, तेही नीट पाहायला हवं. ती झाली ती मुख्यतः बंद भागांच्या जोरावर, म्हणजे ‘इथे पकडायचं नाही’ या नियमाच्या जोरावर. छंदाच्या परोपकाराने किंवा हॅचरीने ती घडवली नाही, त्या काळात हॅचरी बाजारात नव्हतीच. शिवाय बंद भाग आखून घ्यायला स्थानिकांना व्यापाराशी किती वर्षं भांडावं लागलं, हेही त्याच इतिहासात आहे. आणि फिलिपिन्स-इंडोनेशियात असा पश्चिम हवाई कुठे आहे? मे २००४ पासूनच्या एका वर्षातल्या अमेरिकी आयातीचा सविस्तर अभ्यास झाला, त्यात १,८०० हून अधिक जातींचे १.१ कोटी सागरी मासे मोजले गेले, आणि त्यांतले बहुतेक या दोन देशांतून आलेले होते. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सोडियम सायनाइड पाण्यात फवारून मासे गुंगवून पकडण्याची चाल पडली. बंदी असूनही ती पुरती मोडलेली नाही, आणि त्या फवाऱ्याने भोवतालचं प्रवाळही मरतं. जगाला मासे पुरवणाऱ्या किनाऱ्यांचा न्याय अपवादात्मक किनाऱ्यावरून करायचा नसतो.

क्लाउनफिशचं नाव घेऊन आणखी एक हरकत येईल. त्याची हॅचरी १९७०च्या दशकापासून चालली, तीही कुठल्या बंदीविना. हे खरं आहे आणि त्याचं कारणही गमतीदार आहे. हॅचरीवाल्यांनी समुद्राशी भावात स्पर्धा करणं सोडून असे रंग-पट्टे निपजवले की जे समुद्रात मिळतच नाहीत, आणि गिऱ्हाईक त्या नवलाईला भुललं. तरीही वरच्या अभ्यासातल्या त्या वर्षी समुद्रातून पकडून आणलेल्या, सर्वाधिक आयात झालेल्या माशांत क्लाउनफिश होताच. तीन दशकांच्या यशस्वी प्रजननानंतरची ही स्थिती.

सगळ्यात मन लावून ऐकावी अशी हरकत ब्राझीलमधून येते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, रिओ नेग्रोच्या काठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली कित्येक कुटुंबं कार्डिनल टेट्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला मासा पकडून जगत आली. मासा विकून पोट भरतं म्हणून जंगल तोडावं लागत नाही, असा त्यांचा आणि त्यांच्या पाठीराख्या वैज्ञानिकांचा दावा आहे, आणि तो पोकळ नाही. बाहेरच्या देशांत टेट्राची शेती सुरू झाल्यावर बार्सेलोसचा धंदा खालावला. तेव्हा हॅचरी म्हणजे पुण्य आणि जंगली पकड म्हणजे पाप हे समीकरण तिथे लागू होत नाही, हे मान्य. पण तिथे ते का लागू होत नाही, याकडे लक्ष द्यायला हवं. टेट्रा अल्पायुषी, पुराच्या पाण्यात प्रचंड संख्येने वाढणारा, आणि पाणी ओसरताना डबक्यांत अडकून तितक्याच संख्येने मरणारा मासा आहे. त्यातले काही माणसाने नेले तर नदीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. यलो टँग चाळीस वर्षं जगू शकतो. बांगाई एका वेळी पन्नासेक पिल्लं देतो आणि आपली भित्ती सोडत नाही. टेट्रासाठी खरा असलेला हिशेब या दोघांना लावणं म्हणजे पावसाळी गवताच्या मापाने सागवान तोडण्यासारखं आहे. बार्सेलोसकडून शिकायचं ते एवढंच की पकडीची मुभा त्या त्या माशाच्या जीवनक्रमावरून ठरावी. आज ती मागणीवरून ठरते.

राहिला बेटांवरच्या कोळ्यांचा प्रश्न. तो पुढे करणाऱ्यांत खऱ्या कळकळीची माणसं आहेत, तसेच कोळ्याच्या आडून स्वतःचा नफा राखणारेही आहेत. बांगाईच्या कोळ्याला माशामागे मिळणारे काही सेंट आणि परदेशी दुकानातली वीस-तीस डॉलरची पाटी यांच्यामध्ये जी रक्कम आहे ती कुणाच्या खिशात गेली, याचा विचार केला तर बंदीमुळे कोण गरीब होईल हे जरा वेगळं दिसतं. निर्बंध आले की कोळ्याच्या हातचं काम जातं, हे खोटं नाही, आणि हॅचरी फ्लोरिडात किंवा थायलंडात उभी राहते, बांगाईत नव्हे, हाही खराखुरा अन्याय आहे. त्यावर उपाय म्हणजे थोडे मासे, चढा भाव, आणि पकडीचा हक्क गावाच्या हाती. फुकटात लाखो मासे नेण्याची मुभा हा त्यावरचा उपाय होऊच शकत नाही, कारण त्यात आधी मासा संपतो आणि मागोमाग कोळ्याचा धंदाही. खाण्यासाठीच्या मासेमारीपुढे छंदाची पकड नगण्य आहे, असंही कुणी म्हणतं. एकूण टनांत ती नगण्य आहेच. पण चौतीसेक चौरस किलोमीटरच्या अधिवासात राहणाऱ्या माशाला टनांचा हिशेब लागू पडत नाही.

शेवटी आपल्याकडचं. भारतात २००१ पासून समुद्रघोडे आणि रीफ घडवणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा व्यापार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या परिशिष्टांतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी बाळगणाऱ्यांवर बंधनकारक झाली. २०१६ च्या साइट्स परिषदेत क्लॅरियन एंजलफिश परिशिष्टात आला, त्यामुळे त्याचा मागोवा निदान तत्त्वतः घेता येतो. पण छंदासाठी विकले जाणारे बहुसंख्य सागरी मासे कुठल्याच परिशिष्टात नाहीत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ किंवा पुण्यात एखाद्या दुकानात खाऱ्या पाण्याचा मासा घेणाऱ्याला तो हॅचरीतला की समुद्रातला हे कुठल्या कागदावरून कळावं, अशी सोय नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या आणि डॅमसेल माशांच्या कितीतरी जाती हॅचरीत वाढवल्या आहेत, ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठाननेही क्लाउनफिशचं काम हाती घेतलं आहे. या माशांना आयात केलेल्या, सायनाइडच्या फवाऱ्यातून आलेल्या असू शकणाऱ्या स्वस्त माशाशी त्याच काउंटरवर, त्याच पाटीखाली झगडावं लागतं. आयातीच्या कागदावर आणि ग्राहकाच्या बिलावर माशाचा उगम लिहिणं सक्तीचं करावं, समुद्रातून पकडलेल्या शोभिवंत माशावर जास्त शुल्क लावावं, आणि ज्या जाती हॅचरीत भरपूर निपजतात त्यांची समुद्रातून पकडून होणारी आयात बंद करावी. यात हौशी माणसाचं काहीच हिरावलं जात नाही, कारण ज्या उपलब्धतेचा तो अभिमान बाळगतो ती हॅचरीतूनच येते असं तो स्वतःच सांगतो. ते खरं असेल, तर या तीन मागण्यांना त्याचा विरोध असण्याचं कारण नाही. आणि विरोध झालाच, तर दुकानातल्या टाक्या नेमक्या कुठून भरत आहेत हे त्या विरोधावरूनच कळेल.